काउंट किती आला?

भोसरी एमआयडीसीत पत्ता सांगताना कंपनीच्या नावापेक्षा ब्लॉक आणि प्लॉट नंबर जास्त उपयोगी पडतो. लेथ, प्रेस शॉप, पावडर कोटिंग, स्प्रिंगा, डाय-मोल्ड यांच्या गल्ल्या एकीला एक लागून आहेत. आयटीआय करून टूलरूममध्ये लागलेलं पोरगं सहा महिन्यांत ‘दहा मायक्रॉन जास्त गेलं’ अशा भाषेत बोलायला लागतं. याच वसाहतीत, जी ब्लॉकमधल्या ७३ क्रमांकाच्या प्लॉटवर एक वेगळं मोजमाप चालत आलं आहे. त्याला व्हर्नियर लागत नाही. जांभळ्या टोपणाची नळी, तिच्यातलं थेंबभर रक्त, उंदराच्या पेशींकडून बनवून घेतलेलं एक प्रथिन आणि लेझरचा झोत, एवढ्या सामग्रीवर माणसाच्या रक्तातल्या एकाच जातीच्या पेशी मोजल्या जातात.

त्या पेशींचं नाव सीडी४, आणि ती जागा म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १९९२ मध्ये ती स्थापन केली. अलीकडे तिचं नाव बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असं झालं आहे, पण इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं ‘नारी’ हे जुनं नावच लोकांच्या तोंडी आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या घरांत एक प्रश्न वर्षानुवर्षं दबक्या आवाजात विचारला गेला: काउंट किती आला? दोनशेच्या खाली की वर, यावर औषध सुरू होणार की नाही ते ठरायचं.

या आकड्याच्या मुळाशी आहे प्रतिपिंड. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला नेमकं ओळखून चिकटणारं प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. शत्रूला धरण्यासाठी शरीरानं घडवलेली ही वस्तू माणसानं आधी औषध म्हणून वापरली आणि मग पेशी ओळखायचं साधन म्हणून. या दोन्ही वापरांच्या खुणा पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतच सापडतात.

पिंपरीच्या माणसाला ‘अँटिबायोटिक’ हा शब्द शिकवावा लागत नाही. एच.ए. कंपनी, एच.ए. कॉलनी, एच.ए.चं मैदान हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा देशातला सरकारी क्षेत्रातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं तो १९५४ मध्ये इथं उभा राहिला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. तेव्हा इथं टेल्को नव्हती, बजाज नव्हती, एमआयडीसीही नव्हती. ती १९६२ ची. म्हणजे या पट्ट्याची औद्योगिक कहाणी मोटारींच्या आधी औषधापासून सुरू होते. कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार यांना सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असं ठेवलं गेलं. त्याच्यापासून मिळालेलं बुरशीनाशक औषध म्हणजे हॅमायसिन, आणि त्या नावातला ‘हॅ’ हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा. रेल्वे लाइनीकाठच्या एका लहान गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन यादीत जाऊन बसलं. एच.ए.च्या गेटवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

पण प्रतिजैविक वेगळं आणि प्रतिपिंड वेगळं. दोन्हींच्या आधी ‘प्रति’ आहे म्हणून सुशिक्षित माणसंही गल्लत करतात. प्रतिजैविक बुरशीकडून किंवा मातीतल्या सूक्ष्मजीवाकडून मिळतं, तर प्रतिपिंड रक्तात तयार होतं. त्यासाठी पिंपरीत घोडे आहेत.

हे घोडे हाफकिनचे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये त्यांची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पुढे साहिबसिंग सोखी तिचे पहिले भारतीय संचालक झाले. औषधं आणि लसी देशातच, सरकारी हाती बनाव्यात हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. १९७५ मध्ये उत्पादनाचं काम वेगळ्या महामंडळाकडे गेलं. त्याच हाफकिन जैव-औषध महामंडळाची पागा पिंपरीत आहे.

घोड्याच्या रक्तातून औषध काढायची युक्ती १८९० च्या सुमाराची. बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवून दिलं की, धनुर्वात किंवा घटसर्पाचं विष सहन केलेल्या प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याला वाचवतं. या शोधाबद्दल बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंच नोबेल मिळालं. तोवर आल्बेर काल्मेत यांनी हीच युक्ती नागाच्या विषावर वापरून पाहिली होती. पद्धत आजही साधारण तीच आहे. घोड्याला विष अगदी थोड्या मात्रेत टोचायचं, काही आठवड्यांत मात्रा वाढवत न्यायची, रक्तात प्रतिपिंडं पुरेशी झाली की रक्त काढायचं, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करायचा आणि तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या. मग पेप्सिननं प्रतिपिंडाचा शेपटाकडचा भाग कापून टाकतात, कारण माणसाच्या शरीराला त्याचंच वावडं असतं. उरलेलं शुद्ध करून, गोठवून, वाळवून कुपीत भरतात. भारतीय सर्पविषप्रतिबंधक सीरमच्या एका मिलिलिटरनं नाग आणि घोणस यांचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार आणि फुरसं यांचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असा दंडक आहे.

चाकणकडे जाणारा नाशिक रस्ता आज ट्रेलरांनी भरलेला असतो, पण त्याच्या दोन्ही अंगांना अजून कांद्याची शेतं आणि भाताची खाचरं आहेत. तिथल्या शेतकऱ्याला ही कुपी कशासाठी असते ते सांगायला नको. हाच रस्ता पुढे नारायणगावला जातो आणि तिथंही सर्पविषावरचं सीरम बनवणारी प्रीमियम सीरम्स ही कंपनी आहे. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला, पूनावालांच्या अश्वपालन केंद्रातले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला सीरमसाठी दिले जात. ते सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुण्याच्या लस उद्योगाला घोड्याची नाळ अशी जुनी आहे.

घोड्याच्या सीरममध्ये एक प्रतिपिंड नसतं, हजारो तऱ्हांची असतात. देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामाला येणाऱ्या तुकोबांच्या पालखीसोबत शेकडो दिंड्या असतात. वाट एक, पण प्रत्येकीचा टाळ निराळा. सर्पदंशाला अशीच गर्दी हवी, कारण विषातही डझनावारी प्रथिनं असतात आणि प्रत्येकाला धरणारं कोणीतरी लागतं. पेशी ओळखायची असेल तर मात्र ही गर्दी अडचण होते. तिथं एकाच खुणेला चिकटणारा एकटा हात पाहिजे.

खूण ओळखण्याचं काम सीरमनं आधीही केलं होतं, आणि त्यातलं एक मोठं उदाहरण मुंबईचंच आहे. १९५२ मध्ये परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना असे रुग्ण भेटले, ज्यांचं रक्त कोणत्याच गटात बसेना. तांबड्या पेशी ओ गटासारख्या दिसत, पण त्यांच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशीही गुठळ्या होऊन बसत. इतर सगळ्यांच्या पेशींवर असणारी ‘एच’ नावाची खूणच या माणसांच्या पेशींवर नव्हती. म्हणून त्यांची प्रतिपिंडं जगातल्या जवळपास प्रत्येक रक्ताला परकं मानत होती. लॅन्सेटमध्ये हा शोध छापून आला आणि जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव रूढ झालं. पेशीच्या अंगावर काय आहे आणि काय नाही, ते प्रतिपिंडाला विचारायचं, ही रीत त्यात स्वच्छ दिसते.

रक्तात गुठळी डोळ्यांना दिसते. पण मानेतल्या गाठीचा तुकडा असेल, आतड्याची बायोप्सी असेल, तर चिकटलेलं प्रतिपिंड दिसणार कसं? हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चमकणारा रंग बांधला आणि ऊतीतले न्यूमोनियाच्या जंतूचे अंश सूक्ष्मदर्शकाखाली उजळलेले पाहिले. १९६० च्या दशकात पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी विकर बांधलं. विकरावर योग्य रसायन घातलं की जागेवरच पक्का तपकिरी रंग उमटतो. त्याला अंधारी खोली नको की खास दिवा नको. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

गर्दीतून एकटा हात निवडायची वाट १९७५ मध्ये सापडली. केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि न थांबता वाढणारी कर्कपेशी यांचा संकर घडवला. एका संकरित पेशीची सगळी संतती हुबेहूब एकच प्रतिपिंड बनवत राहते. दोघांनाही १९८४ चं नोबेल मिळालं. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही, आणि कदाचित म्हणूनच तो इतक्या वेगानं जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला.

मग नवाच गोंधळ सुरू झाला. जो तो पांढऱ्या पेशींवरच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागला आणि आपापलं नाव देऊ लागला. एकाच खुणेला पाच प्रयोगशाळांत पाच नावं. १९८२ मध्ये पॅरिसला जमलेल्या शास्त्रज्ञांनी नमुने शेजारी शेजारी तपासले आणि खुणांना सरळ क्रमांक दिले: सीडी१, सीडी२, सीडी३. आज ही यादी साडेतीनशेच्या पुढे गेली आहे. एमआयडीसीतल्या प्लॉटसारखीच ही रीत म्हणायची, नावाआधी नंबर. टी-पेशीवर सीडी३ आणि बी-पेशीवर सीडी२० सापडतो. भक्षक पेशींत सीडी६८ दिसतो आणि जवळपास सगळ्या पांढऱ्या पेशींवर सीडी४५. टी-पेशींतल्या मदतनीस पेशींचा क्रमांक पडला चार. त्याआधी अमेरिकेतल्या ऑर्थो कंपनीत पॅट्रिक कुंग यांनी या खुणेचं प्रतिपिंड बनवलं होतं आणि त्याचं नाव होतं ओकेटी४.

नेमकं हेच प्रतिपिंड हाताशी होतं म्हणून एक नवा आजार ओळखता आला. १९८१ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये मायकेल गॉटलिब हा तरुण डॉक्टर अशा पुरुषांना तपासत होता, ज्यांना कधी होऊ नये असा न्यूमोनिया झाला होता. त्यांच्या रक्ताला नवी प्रतिपिंडं लावून पाहिली तेव्हा मदतनीस टी-पेशी जवळजवळ नाहीशा झाल्याचं दिसलं. ५ जून १९८१ रोजी अशा पाच रुग्णांची छोटीशी नोंद प्रसिद्ध झाली. विषाणू सापडायला आणखी दोन वर्षं लागली. १९८४ मध्ये लंडन आणि पॅरिस इथल्या दोन गटांनी दाखवलं की, सीडी४ खुणेवर प्रतिपिंडाचं झाकण घातलं तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. म्हणजे ज्या खुणेवरून पेशी मोजत होते, तीच विषाणूची दाराची कडी निघाली.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, वेल्लोरला नेले आणि तिथं सहा नमुन्यांत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. तोवर ‘हा आजार आपल्याकडे नाही’ असं मोठमोठे लोक ठामपणे सांगत होते. पुढे सॉलोमन यांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात राहिल्या.

महाराष्ट्रात साथ महामार्गांनी पसरली असं तेव्हा म्हटलं जाई, आणि त्यात तथ्य होतं. तरी दोष ड्रायव्हरवर आणि पेठेतल्या बायकांवर ढकलून समाज मोकळा झाला होता. त्या सोयीच्या समजाला पहिला धक्का पुण्यातून बसला. ‘नारी’च्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ज्या वेश्याव्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशीच संबंध आला नव्हता. १९९७ मध्ये हा निबंध अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला. मंगळसूत्र हे संरक्षण नाही, हे आकड्यानिशी सांगणारं ते संशोधन होतं. त्याचं मोल आजही कमी झालेलं नाही. हेच गंगाखेडकर २०२० मध्ये करोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदांतून घराघरांत पोचले.

रोग आहे की नाही ते प्रतिपिंडाच्या चाचणीनं कळतं. तो कुठवर आला आहे ते सांगतो काउंट. त्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे.

नळी गोठणरोधक घातलेली, जांभळ्या टोपणाची. रक्त भरल्यावर ती खळाखळा हलवायची नाही, हलकेच उलटसुलट करायची. आणि ती बर्फात ठेवायची नाही. नव्या माणसाकडून इथंच चूक होते, कारण रक्त म्हटलं की थंड ठेवावं असंच मनात असतं. या चाचणीला मात्र जिवंत पेशी खोलीच्या तापमानालाच हव्यात. ४८ तासांच्या आत नमुना यंत्रापर्यंत पोचला पाहिजे. प्रयोगशाळेत नेमकं ५० मायक्रोलिटर रक्त एका छोट्या नळीत जातं. त्या नळीत सीडी३ आणि सीडी४ यांची प्रतिपिंडं आधीच भरलेली असतात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा चमकता रेणू बांधलेला. नळी तासभर अंधारात ठेवायची, म्हणजे रंग विटत नाही. मग पेशी एकामागून एक बारीक धारेतून लेझरसमोरून जातात. दोन्ही रंग चमकले की ती मदतनीस टी-पेशी. नळीत ठरावीक संख्येचे सूक्ष्म मणीही असतात. मणी किती मोजले आणि पेशी किती, या गुणोत्तरावरून एका मायक्रोलिटर रक्तातला आकडा निघतो. हे तंत्र मुळात स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतलं. त्याची कपाटाएवढी यंत्रं पुढे टेबलावर मावू लागली आणि जिल्ह्याच्या गावांपर्यंत गेली.

निरोगी माणसात हा आकडा साधारण पाचशे ते पंधराशे असतो. तो सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरतो, सर्दी-तापानंही हलतो. म्हणून एका आकड्यानं घाबरू नये, असं समुपदेशक सांगत राहतात. पण ज्याचं सगळं त्या आकड्यावर लटकलेलं असतं, त्याला हे पटवणं सोपं नसतं. आणि म्हणूनच भोसरीचं आणखी एक काम फार मोलाचं ठरलं. देशभरातल्या सीडी४ केंद्रांना सारखेच नमुने पाठवायचे, त्यांनी काढलेले आकडे ताडून पाहायचे आणि चुकणाऱ्याला दुरुस्त करायचं, ही जबाबदारी ‘नारी’कडे होती. एका केंद्रात १९० आणि दुसऱ्या केंद्रात २१० आला, तर एकाला औषध मिळणार आणि दुसऱ्याला नाही, असे ते दिवस होते.

सरकारी मोफत औषधं १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ केंद्रांवर सुरू झाली. मुंबईचं जे.जे. त्यांतलं एक. काउंट दोनशेच्या खाली गेला तरच गोळ्या, असा तेव्हाचा नियम होता. औषध मर्यादित होतं, त्यामुळे नियमाला कारण होतं. तरीही २३० काउंटच्या माणसाला सहा महिन्यांनी या असं सांगणं म्हणजे त्याला खालावायची वाट पाहायला लावणं होतं. पुढे ही रेषा ३५० वर गेली, मग ५०० वर. ती सरकवण्यातही पुण्याचा हात आहे. एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतल्या अभ्यासात एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी १,७६३ जोडपी होती, आणि पुणे हे त्याचं एक केंद्र होतं. काउंट ३५० ते ५५० असलेल्या निम्म्या लोकांना लगेच गोळ्या दिल्या. उरलेल्यांना काउंट २५० च्या आसपास उतरल्यावर किंवा आजार दिसल्यावर. २०११ मध्ये निकाल आला. लगेच औषध घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली होती. २०१७ मध्ये भारतानं रेषाच पुसली: पॉझिटिव्ह आढळला की औषध, काउंट कितीही असो.

या गोळ्यांचा एक धागाही याच वसाहतीत आहे. एमक्युअर या औषध कंपनीचं मुख्य कार्यालय तेव्हा भोसरी एमआयडीसीत होतं, आणि अटाझानावीर हे एचआयव्हीवरचं औषध बनवण्यासाठी अमेरिकेतल्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विबनं २००६ मध्ये तिच्याशी करार केला. लसीचा प्रयत्नही इथं झाला. एचआयव्हीवरच्या लसीची भारतातली पहिली मानवी चाचणी ‘नारी’त फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण तिनं जागवलेली प्रतिकारशक्ती तोकडी पडली. समाजाच्या नजरांची पर्वा न करता दंड पुढे करणाऱ्या त्या स्वयंसेवकांची आठवण मात्र ठेवायला हवी.

रक्तातून ‘किती’ हे कळतं. ‘कुठं’ हे विचारायचं तर ऊतीकडेच जावं लागतं, कारण टी-पेशींचा अगदी थोडा वाटा रक्तात फिरत असतो. बाकीचा संसार लसीकाग्रंथी, प्लीहा आणि आतड्याच्या अस्तरात. विषाणू पहिला घाला आतड्यातच घालतो, हे या शतकाच्या सुरुवातीला बायोप्सींवरून स्पष्ट झालं. रक्तातला काउंट अजून बरा दिसत असताना आतड्यातल्या सीडी४ पेशी ओसरलेल्या असतात.

पॅथॉलॉजीच्या खोलीत हे काम कसं चालतं? गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. मायक्रोटोमच्या पात्यावरून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. भोसरीच्या टूलरूमवाल्याला या आकड्याची किंमत लगेच कळेल. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात. आता अडचण अशी की, ज्या फॉर्मॅलिननं ऊती टिकवली त्यानंच प्रथिनांना एकमेकांत गुंतवून खुणा झाकून टाकलेल्या असतात. त्या उघडायचा उपाय १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी सांगितला: काप उकळा. त्यांनी मायक्रोवेव्ह वापरला. दोन-तीन वर्षांत इतरांनी प्रेशर कुकरवर तेच करून दाखवलं. आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांत आजही वरण-भाताचा असतो तसाच स्टीलचा कुकर यासाठी ठेवलेला असतो. त्यात आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी बफर, स्लाइडची जाळी आणि मोजून काही मिनिटं. कुकर घाईनं उघडला तर काप काचेवरून सुटून येतात. तो आपसूक निवू द्यावा लागतो.

मग प्रतिपिंड, धुणं, विकर बांधलेला दुसरा थर, पुन्हा धुणं आणि शेवटी तपकिरी रंग देणारं रसायन. पार्श्वभूमीला हिमॅटॉक्सिलिनची निळाई. लसीकाग्रंथीच्या कापावर सीडी२० लावलं तर गोल गोल पुंजके तपकिरी होतात आणि सीडी३ लावलं तर त्यांच्यामधली जागा भरून निघते, जणू एकाच चित्राचे दोन ठसे. हा नकाशा विस्कटला, एकाच जातीच्या पेशींनी सगळी जागा बळकावली, की लिम्फोमाची शंका येते. सीडी४ मात्र फॉर्मॅलिनमधल्या ऊतीत बराच काळ हट्टानं दिसतच नव्हता. गोठवलेलाच तुकडा लागायचा. कुकरची युक्ती आणि नवी प्रतिपिंडं आल्यावर तो उमटू लागला. तरी त्याचं वाचन अवघड, कारण भक्षक पेशींवरही ही खूण फिकट असते आणि नवशिक्याला ती टी-पेशी वाटते.

चाकणच्या मोटार कारखान्यांत, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये, बांधकामावर देशभरातून माणसं येतात. दाटीच्या खोल्यांत आठ-दहा जण राहतात, शिफ्टप्रमाणे अंथरुणं वापरतात. मानेला गाठ आली, ताप उतरेना, वजन घटलं तरी रोज बुडेल म्हणून दवाखाना लांबतो. अशा गाठीचा काप काचेवर येतो तेव्हा पहिला संशय क्षयाचा असतो. चांगल्या प्रतिकारशक्तीच्या माणसात क्षयाच्या जंतूंभोवती भक्षक पेशी आणि टी-पेशी नेटकं कडं करतात. सीडी४ घटलेल्या माणसात ते कडं विस्कळीत होतं, कधी बनतच नाही. जंतू मात्र ढिगानं असतात. काचेवर असं फाटकं कडं दिसलं की पॅथॉलॉजिस्ट अहवाल तिथंच थांबवते, फोन उचलून वॉर्डातल्या डॉक्टरला विचारते: पेशंटची एचआयव्ही चाचणी झाली आहे का? आणि झाली असेल तर, काउंट किती आला?